दहा वर्षांच्या पोराला मोठ्यांचा चेंडू देऊ नका

एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. म्हणे ड्यूक, एसजी, कुकाबुरा ही चेंडू बनवणाऱ्या कंपन्यांची नुसती नावं, चेंडू सगळे सारखेच. लाल-पांढऱ्यात फक्त रंगाचा फरक. हरणारे संघ उगाच चेंडूला दोष देतात. आणि मुलांना पहिल्या दिवसापासून मोठ्यांचाच चेंडू द्या, भीती मोडते. माझ्या बहिणीने हे वाचून दहा वर्षांच्या भाच्याच्या किटमधला ज्युनिअर चेंडू काढून टाकला, तेव्हा गप्प बसवेना.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याने पोरांचं नुकसान होतंय. क्रिकेटचे कायदे एमसीसी, म्हणजे लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब, ही संस्था करते. तिच्या 2017 च्या नियमावलीतला चौथा कायदा उघडून बघा. पुरुषांचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅम, घेर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर. तेरा वर्षांखालच्या मुलांचा 133 ते 144 ग्रॅम, घेर 20.5 ते 22. हे लाड नव्हेत. लहान पोराच्या हातात मोठा चेंडू देऊन पकड बघा. दोन बोटं शिवणीवर नीट बसत नाहीत, चेंडू तळव्यात जातो, मनगट शिवणीच्या मागे राहत नाही आणि पोरगं चेंडू टाकायच्या ऐवजी ढकलायला लागतं. ही सवय पुढे सुटता सुटत नाही. फलंदाजी करताना एकदा बोटावर बसला की पुढच्या चेंडूला पाय स्क्वेअर लेगकडे, म्हणजे चेंडूपासून लांब, पळतो. भीती मोडत नाही, मुरते!

आता 'सगळे सारखेच'. वजन आणि घेर सगळ्यांना एकाच मापाचा, एवढं मान्य. पण शिवणीचं काय? ड्यूक आणि एसजीच्या शिवणीच्या सहाही ओळी हाताने घातलेल्या; कुकाबुराच्या मधल्या दोनच हाताच्या, बाकी यंत्राच्या. म्हणून कुकाबुराची शिवण लवकर बसते आणि गोलंदाजाची मदत आटते. इंग्लंडच्या कौंटी स्पर्धेत एरवी ड्यूक असतो, पण 2023 ते 2025 मध्ये काही फेऱ्या मुद्दाम कुकाबुराने खेळवल्या. 2025 मध्ये अशाच एका फेरीत लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे संघाने डरहॅमविरुद्ध 9 बाद 820 धावा केल्या. खेळपट्टीचा वाटा असेलच, पण गोलंदाजांच्या हातात काय होतं तेही बघाल की नाही?

संघ कधीकधी कांगावा करतात, हे खरं. पण त्याच वर्षीची भारत-इंग्लंड लॉर्ड्स कसोटी आठवा. दुसऱ्या दिवशी सकाळी बुमराहने नव्या चेंडूवर तीन बळी घेतले, इंग्लंड 7 बाद 271. तो चेंडू जेमतेम दहा षटकांत बेढब झाला, आकार तपासायच्या पंचांच्या कडीतून जाईना, म्हणून बदलला. बदली चेंडू हलेचना. आठवा गडी गेला तेव्हा धावा होत्या 355.

रंगाचं थोडक्यात. फरक नुसता रंगाचा नाही, वापराचा नियमही वेगळा. एकदिवसीय सामन्यांत 2011 पासून दोन्ही टोकांनी वेगळा नवा पांढरा चेंडू आला. प्रत्येक चेंडू जास्तीत जास्त 25 षटकं जुना होणार, मग रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुना चेंडू हवेत उलट्या दिशेने वळणं, कुठून मिळणार? शेवटी 2025 मध्ये आयसीसीने, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संघटनेने, नियम बदलला: 34 षटकांनंतर दोनांपैकी एकच चेंडू ठेवायचा.