नाव नको, पण राज्य लिहा

चवथीला घरी आलेला माझा फौजी भाऊ तीन रात्री सोप्यावर जागा बसलेला मी पाहिला. सख्खा की चुलत, हुद्दा कुठला, पलटण कुठली, काहीच सांगणार नाही. लिहितेय तेही त्याला विचारूनच.

त्यांच्याकडे ताणतणावाचा सर्व्हे झाला होता. 'झोप नीट लागते का?' यावर त्यानं 'हो'वर खूण केली. "खोटं कशाला लिहिलंस?" मी विचारलं.

"नाव लिहायचं नव्हतं गं. पण वय, नोकरीची वर्षं, मुलं किती, राज्य कुठलं, हे सगळं होतं. कंपनीत गोव्याचा मी एकटा."

झालं की मग! दुसऱ्या राज्यांचे जवान गर्दीत लपतात, आपल्या इवल्या गोव्याला तीही सोय नाही. त्यात सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवलेलं, साहेब रांगांमधून फिरताहेत, आणि कागद गोळा करतो कंपनीचा क्लार्क. रजेचे अर्ज वाचून वाचून त्याला प्रत्येकाचं अक्षर पाठ.

ही भीती पोकळ नाही. फौजेत तब्येतीची श्रेणी 'शेप' (SHAPE) या इंग्रजी अक्षरांच्या मापावर ठरते. त्यातला 'एस' म्हणजे मन. श्रेणी घसरली की बढती, पोस्टिंग अडू शकतं. घराचे हप्ते डोक्यावर असताना कोण लिहील खरं?

२००८ साली इराकहून परतलेल्या एका अमेरिकी ब्रिगेडमध्ये नेहमीच्या, नावासकट होणाऱ्या तपासणीबरोबरच एक निनावी प्रश्नावलीही दिली होती. १,७१२ जणांनी ती भरली. नैराश्य, युद्धाचा आघात, आत्महत्येचे विचार सांगणाऱ्यांचं प्रमाण निनावी कागदावर दुप्पट ते चौपट निघालं. नावासकट तपासणीत त्याच ब्रिगेडचे आकडे कितीतरी कमी होते!

निनावी कागदावरून एकट्यादुकट्यापर्यंत मदत पोचत नाही, हे मला कळतं. म्हणून तर डॉक्टरकडे जायची वाट वेगळी ठेवा, तिथं जाणाऱ्याची बढती धोक्यात आणू नका. आणि सर्व्हे करायचाच तर राज्याचा रकाना काढा. वयाचे मोठे गट करा. कागद बंद पेटीत पडू द्या, आणि ती पेटी युनिटबाहेरच्या माणसानं उघडावी. 'गोपनीय' असा शिक्का मारून भागत नाही. कागद कुणाच्या हातात जातो, ते जवान बघतो.

परत जायच्या आदल्या रात्रीही तो सोप्यावरच होता. अडीच वाजले होते. मी चहा ठेवला आणि शेजारी बसले. त्या रात्री, पहिल्यांदाच, तो थोडंसं बोलला.