‘वॅट बघा आणि डोळे मिटून घ्या’ : पार्टी स्पीकरबद्दलच्या या सल्ल्यात काय काय चुकतं

ब्लूटूथ पार्टी स्पीकर घ्यायचाय, असं कुणी नुसतं बोलून दाखवलं तरी एक मेसेज हमखास पुढे येतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच : ‘जास्त वॅट तोच मोठा आवाज. ब्लूटूथ 5.3 च्या खालचं घेऊ नका, आवाज चिरका येतो. एमएएच जितके जास्त तितकी बॅटरी जास्त टिकते. आयपीएक्स7 असेल तर बिनधास्त पाण्यात न्या. उचलून बघा, जड तोच अस्सल. आणि घेण्याआधी फुल आवाजावर एक गाणं वाजवा, लगेच कळतं.’

ओळखीपाळखीच्या कार्यक्रमांना स्पीकर लावून द्यायचं काम मी हौसेनं करत आलोय. हा मेसेज वाचून घेतलेले स्पीकर मग माझ्याकडे येतात. ‘मोठा केला की फाटतोय’, ‘अठरा तास म्हणाले होते, तीन तासांत मान टाकली’, अशा तक्रारी असतात. बहुतेक वेळा स्पीकरमध्ये बिघाड नसतोच. माणसाला तो चुकीच्या कारणासाठी घ्यायला लावलेला असतो. पैसे जपून साठवलेले असतात, म्हणून हे मला लागतं. एकेक वाक्य घेतो.

‘जास्त वॅट तोच मोठा आवाज’

खोक्यावर ‘पीएमपीओ’ असं लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य अशी कुठलीच पद्धत नाही, त्यामुळे ज्याला जो आकडा छापावासा वाटेल तो तो छापतो. आरएमएस म्हणजे सलग देता येणारी ताकद, तो आकडा निदान बोलण्याजोगा आहे. तिथेही बारीक अक्षरातली एक ओळ शोधा : किती टक्के टीएचडीवर मोजलंय. टीएचडी म्हणजे मूळ आवाजात मिसळलेली विकृती. 10 टक्क्यांवर मोजलेले 60 वॅट आणि 1 टक्क्यावर मोजलेले 60 वॅट ही एकच गोष्ट नव्हे. 10 टक्क्यांपर्यंत अँप्लिफायर ताणला की ध्वनिलहरींची टोकं छाटली गेलेली असतात, आणि ‘फाटतोय’ म्हणतात तो आवाज नेमका हाच.

समजा आकडे प्रामाणिक आहेत. एक स्पीकर 100 वॅटचा, दुसरा 200 चा, बाकी सगळं सारखं. तरी दुसऱ्याचा आवाज दुप्पट नसतो. वॅट दुप्पट झाले की पातळी फक्त 3 डेसिबलने वाढते, शेजारी शेजारी लावले तर जाणवेल इतपत. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबलची वाढ लागते, म्हणजे वॅट दहापट हवेत.

त्यात ‘बाकी सगळं सारखं’ कधीच नसतं. दिलेल्या विजेतून किती आवाज निघतो, याला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. ती 1 वॅट देऊन 1 मीटरवर मोजतात. 90 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर 40 वॅटवर गणिताने 106 डेसिबलपर्यंत जातो. 85 डेसिबलवाल्याला 100 वॅट दिले तरी तो 105 वर थांबतो. म्हणजे अडीचपट वॅट घेऊनही तो मागे! ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यावर संवेदनशीलता सहसा छापत नाहीत, पण काही कंपन्या माहितीपत्रकात ‘कमाल ध्वनिदाब’ डेसिबलमध्ये देतात. तो मिळाला तर वॅटपेक्षा त्यावर भरवसा ठेवा. किती अंतरावर मोजलाय तेही बघा.

आता अंतराचं. उघड्यावर, भिंतींचा आधार नसताना, अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. 1 मीटरवर 105 असेल तर 2 मीटरवर 99, 4 वर 93, 8 वर 87, 16 मीटरवर 81. शेवटच्या माणसाला नीट ऐकू यावं म्हणून तुम्ही वॅट दुप्पट केलेत तर मिळाले 3 डेसिबल. तेवढ्याने तो माणूस 16 ऐवजी साधारण 22 मीटरवर बसू शकतो, इतकंच. त्यापेक्षा दोन मध्यम स्पीकर लोकांच्या दोन बाजूंना लावले तर मागच्यालाही ऐकू येतं आणि पुढच्याचे कानही किटत नाहीत. फक्त दोन स्पीकर एकमेकांशी जोडले जातात का, हे घेण्याआधी तपासा. बरेचसे स्पीकर त्याच कंपनीच्या, कित्येकदा त्याच मॉडेलच्या जोडीदाराशीच जुळतात.

‘एमएएच जितके जास्त तितकी बॅटरी जास्त टिकते’

एमएएच हा अर्धवट आकडा आहे. बॅटरीत साठवलेली ऊर्जा कळायला त्याला व्होल्टने गुणावं लागतं, मग वॅट-तास मिळतात. 3.6 व्होल्टची 10,000 एमएएच बॅटरी म्हणजे 36 वॅट-तास. 14.4 व्होल्टची 5,000 एमएएच म्हणजे 72 वॅट-तास. निम्मे एमएएच, दुप्पट ऊर्जा. मेसेजप्रमाणे वागणारा माणूस इथे बरोब्बर लहान बॅटरी उचलेल. वॅट-तास बॅटरीच्या लेबलवर किंवा माहितीपुस्तिकेत असतात. विमानाने स्पीकर न्यायचा असेल तर तिथेही हाच आकडा विचारतात : 100 वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, 100 ते 160 ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढची बॅटरी प्रवासी सामानात चालत नाही.

खोक्यावरच्या तासांचं गणित तर प्रत्येकाने एकदा स्वतः मांडावं. 72 वॅट-तासांची बॅटरी ‘18 तास’ चालते असं लिहिलंय. 72 भागिले 18 म्हणजे 4. तो स्पीकर सरासरी फक्त 4 वॅट खात असेल तरच 18 तास टिकेल. आणि त्याच खोक्यावर शेजारी 100 वॅट छापलेले असतात! दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. संगीतात शिखरं क्षणभराची असतात आणि सरासरी त्यांच्या बरीच खाली असते, म्हणून मध्यम आवाजावर 4 वॅटमध्ये भागतं. पण हे दोन आकडे एकाच संध्याकाळी एकत्र मिळत नाहीत. आवाज वर नेला, बेस बूस्ट लावला, रंगीत दिवे नाचवले आणि सरासरी 25 वॅटवर गेली की तीच बॅटरी तीन तासांच्या आत संपते. ‘तीन तासांत मान टाकली’ म्हणणाऱ्याचा स्पीकर अगदी ठणठणीत होता. आम्ही दोघांनी कागदावर भागाकार करून पाहिला, तेव्हा त्याचा कंपनीवरचा राग ओसरला. मेसेजवरचा मात्र वाढला.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. काही स्पीकर बॅटरीवर असताना जाणूनबुजून कमी ताकद देतात आणि पूर्ण वॅट फक्त प्लग लावल्यावर. माहितीपत्रकात असे दोन वेगळे आकडे दिसले तर खालचा तुमचा धरा.

‘5.3 च्या खालचं घेऊ नका, आवाज चिरका येतो’

आवृत्तीचा आकडा आणि आवाजाचा दर्जा यांचा थेट संबंध नाही. ब्लूटूथ 5.0 डिसेंबर 2016 मध्ये आलं, तेव्हा चौपट पल्ला आणि दुप्पट वेग याची बरीच चर्चा झाली. ती सुधारणा ब्लूटूथच्या लो एनर्जी, म्हणजे कमी विजेत चालणाऱ्या, भागातली होती. स्पीकरपर्यंत गाणी मात्र आजही बहुतांश वेळा जुन्या, क्लासिक ब्लूटूथवरून, ए2डीपी नावाच्या पद्धतीनेच जातात.

आवाजावर परिणाम होतो तो कोडेकचा, म्हणजे गाणं दाबून पाठवण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीचा. एसबीसी हा कोडेक प्रत्येक ए2डीपी उपकरणात असावाच लागतो. त्याच्या वर एएसी, अ‍ॅप्टएक्स, एलडीएसी वगैरे येतात, पण कोडेक फोन आणि स्पीकर दोघांकडे असेल तरच वापरला जातो. एलडीएसीवाला स्पीकर घेतला आणि हातात आयफोन असेल तर तो एलडीएसी पडून राहतो. नव्या पिढीचं एलई ऑडिओ आणि त्याचा एलसी3 कोडेक खरंच वेगळा आहे. त्यासाठी 5.2 किंवा पुढची आवृत्ती लागते. तरीही खोक्यावर 5.3 आहे म्हणून एलई ऑडिओ आलंच असं होत नाही, कारण ते ऐच्छिक आहे. हवं असेल तर ते नाव किंवा त्यावरच चालणाऱ्या ‘ऑराकास्ट’चा शब्द लिहिलेला शोधा.

आणि माझं स्पष्ट मत सांगतो : चार लोक गप्पा मारत असलेल्या मोकळ्या जागेत नीट चालणाऱ्या एसबीसीचा आणि एलडीएसीचा फरक ओळखू येत नाही. चिरकेपणा ऐकू आला तर आधी फोन आणि स्पीकर दोन्हीकडचं इक्वलायझर बघा.

‘आयपीएक्स7 असेल तर बिनधास्त पाण्यात न्या’

हे वाक्य मी स्वतः खरं मानलं होतं. आयपीएक्स7 असलेला एक स्पीकर समुद्रावर नेला, लाटेत दोनदा भिजवला, घरी आणून पुसला आणि ठेवून दिला. महिन्याभराने चार्ज होईना. रबरी झाकण उघडून टॉर्च मारला, तर चार्जिंगच्या खाचेत हिरवट पूड धरलेली. तांब्यावर क्षार चढतो तशी. नखाने ती निघत नव्हती, आणि एक पिन तर जवळजवळ खाऊन गेली होती.

पाणी-धुळीपासूनच्या संरक्षणाच्या आयईसी 60529 या मानकात 7 या आकड्याचा अर्थ नेमका आहे : एक मीटरपर्यंत बुडवून 30 मिनिटं. तेही साध्या पाण्यात. खारं पाणी, साबण, तलावातलं क्लोरीन यांबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. एक्स म्हणजे धुळीची पातळी नोंदवलेली नाही. वाळूत न्यायचा असेल तर आयपी67 बघा, त्यातला 6 धुळीसाठी आहे. आणि 7 मोठा म्हणजे त्यात 5 आलाच, असंही नाही. 5 आणि 6 या नळीच्या जोरदार फवाऱ्याच्या चाचण्या आहेत. बुडवण्याची चाचणी पास झालेला स्पीकर फवाऱ्याला टिकेलच असं मानक म्हणत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन्ही आकडे लिहिलेले असावे लागतात.

खारं पाणी लागलंच तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, झाकण घट्ट लावूनच, आणि खाच पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

‘जड तोच अस्सल’

वजन बॅटरीचं असतं, लाकडाचं असतं, चुंबकाचं असतं. निओडिमियमचं चुंबक तेवढ्याच ताकदीच्या फेराइट चुंबकापेक्षा कितीतरी हलकं असतं, म्हणजे हलका स्पीकर जास्त चांगल्या मालाचा असू शकतो. या वाक्यात खरा भाग आहे तो आकारमानाचा. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावातला ‘एच’ ज्याचा, त्या अँटन हॉफमनचा एक नियम ध्वनितंत्रज्ञ आजही सांगतात : लहान खोकं, खोल बेस आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. तळहाताएवढा स्पीकर तिन्ही देतो असं कुणी म्हणालं तर तिसरी गोष्ट कुठून कापली ते विचारा. बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण 41 हर्ट्झवर वाजते. लहान स्पीकर तिथवर पोहोचतच नाहीत, त्या स्वराबरोबर वाजणाऱ्या वरच्या पटीतल्या स्वरांवरून (हार्मोनिक) मेंदू तो स्वर जुळवून घेतो. ‘20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ असं छापलं असेल आणि पुढे अधिक-उणे किती डेसिबल ते नसेल, तर त्या ओळीला अर्थ नाही.

‘फुल आवाजावर एक गाणं वाजवा, लगेच कळतं’

सगळ्यात जास्त फसगत याने होते.

बऱ्याच पोर्टेबल स्पीकरच्या बाजूला रबरी कडेची एक चकती असते, पॅसिव्ह रेडिएटर. भरपूर बेस असलेलं गाणं लावा आणि तिच्या कडेवर बोट अगदी हलकं टेकवा. आवाज पाव असताना ती बोटाला स्पष्ट ठोके देते. अर्ध्यावर जोरात. तिथून पुढे वाढवत जा. आवाज वाढत राहतो, बोटाखालचा ठोका मात्र वाढायचा थांबतो. आतली चिप ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, फाटू नये म्हणून बेस आवरायला लागलेली असते. फुलवर तुम्ही जे ऐकता तो बेस काढून घेतलेला आवाज असतो, आणि तो मोठा असतो म्हणून भारदस्त वाटतो. उलट टोकालाही असंच होतं. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं. ती उणीव भरायला चिप हळू आवाजात बेस चढवून देते. म्हणजे तीन पातळ्यांवर तुम्ही जणू तीन वेगळे स्पीकर ऐकत असता. ज्या पातळीवर रोज वाजणार आहे त्या पातळीवर जास्त वेळ ऐका.

दोन स्पीकरची तुलना करताना आधी त्यांचा आवाज सारखा करा. जरासा मोठा असलेला नेहमी जास्त चांगला वाटतो, सगळ्यांनाच. फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप अचूक नसलं तरी एकाच फोनने, एकाच जागेवरून दोन्ही मोजायला पुरतं. आणि नुसतं ठेक्याचं गाणं नको. एखादा माणूस बोलतोय असं काहीतरी लावा. ओळखीचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला तर तो स्पीकर पुढे कुठल्याच गाण्यात गोड वाटणार नाही.

या वाक्याला माझी आणखी एक हरकत आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पार्टी स्पीकरच्या अगदी पुढे सहसा लहान मुलं असतात. त्यांना दिवे आवडतात, चकती थरथरते ते आवडतं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची मोठ्या माणसांसाठी कामाच्या ठिकाणची शिफारस 85 डेसिबलला आठ तास अशी आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं, आणि मघाचा 105 डेसिबल धरला तर पाच मिनिटांच्याही आत. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जी मर्यादा सुचवली तीही 15 मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबलचीच. मी आता स्पीकर जमिनीवर ठेवत नाही. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या थोडा वर, मजबूत स्टँडवर चढवतो. वरचे स्वर सरळ रेषेत जातात, त्यामुळे मागच्यांना शब्द स्वच्छ कळतात आणि आवाज दोन रेघा खाली ठेवता येतो. स्टँडभोवती दोन मीटरवर खुर्च्यांचं कडं करतो. मुलं कड्याबाहेरूनच नाचतात.