किनाऱ्यावरचा कचरा परदेशी जहाजांचा नव्हे

पावसाळ्यात मोठी भरती येऊन गेली की दादर, वर्सोव्याच्या वाळूवर कचऱ्याचा थर साचतो, आणि “हे सगळं परदेशी जहाजांनी टाकलेलं” असं दरवर्षी ऐकू येतं. हे खरं नाही. जहाजांतून समुद्रात प्लास्टिक टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराने १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे. ती मोडणारे असतीलही. पण वाळूतलं एखादं पाकीट उचलून वाचा: मराठी-हिंदी अक्षरं, रुपयांतली किंमत. गुटख्याच्या पुड्या, तुटक्या चपला, दुधाच्या पिशवीचे कापलेले नखाएवढे कोपरे. हे आपल्याच घरातून गटारात, नाल्यात आणि मिठी नदीतून माहीमच्या खाडीत जातं. पावसाचा लोंढा ते समुद्रात नेतो, उधाण परत आणून टाकतं.

वर्सोव्यात २०१५ पासून लोकांनी स्वतःच्या हातांनी किनारा साफ करून दाखवला. तुम्हीही जरूर जा. पण पुढच्या भरतीला तीच वाळू पुन्हा भरलेली बघताना जीव तुटतो. म्हणून कचरा नाल्याआधीच अडायला हवा. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. सुटा तुकडा कचरा वेचणाऱ्यांच्या हाती लागत नाही. आणि निर्माल्य पिशवीसकट खाडीत सोडू नका, निर्माल्यासाठी ठेवलेल्या कलशात सुटं टाका.