वय मोजण्याची घरगुती पद्धत

गुन्ह्यात सापडलेल्या पोराचं वय काढायला कायद्याला केवढा खटाटोप! बाल न्याय कायदा, २०१५, कलम ९४: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. आणि हाडं वर्ष-दोन वर्षांची थाप सहज मारतात. तुम्ही या भानगडीत पडू नका. तुम्ही मुंबईकर आहात, तुम्हाला पत्त्यावरून वय कळतं.

पोरगा आपल्याच सोसायटीतला असेल तर चार वर्षं वजा करा. सतराचा तेरा झाला. बाबांची गाडी काढून कुणाला उडवलं असेल तर "लेकरू किती घाबरलंय हो" म्हणा आणि त्याच्या आईसाठी थर्मासमध्ये चहा पाठवा. पोरगा गोवंडीचा किंवा मानखुर्दचा असेल तर चार मिळवा. त्याने मोबाइल खेचला ना? मग एकवीस पूर्ण. "ही पोरं तयारच असतात", हे सोसायटीच्या ग्रुपवर टाका, वर संतापलेला चेहरा. इमारतीला मजले जितके जास्त, तितकं पोर लहान. पत्र्याखाली पोरं झटकन मोठी होतात. उकाड्याचा परिणाम असावा.

कायदा मात्र भलताच मवाळ. तो आरोपी म्हणतच नाही, 'विधी संघर्षग्रस्त बालक' म्हणतो (मराठीच आहे, शपथेवर सांगतो). बेड्या नाहीत, लॉकअप नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यातली निदान एक बाई. शिक्षा म्हणून विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. हे ऐकून तुम्ही "आमच्या वेळी असले लाड नव्हते" म्हणणारच. जरूर म्हणा, पण वय सांगू नका. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ सालीच आला होता.

तुमच्या वेळी आई "डोंगरीला टाकीन" म्हणायची, ते आठवतंय? ती जागा म्हणजे जुना तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकरांनी तिथे १०१ दिवस काढले. पुढे मुलांना तुरुंगापासून दूर ठेवायचं ठरलं, तेव्हा त्याच तुरुंगात मुलांची सोय केली. काटकसर म्हणतात ती हीच.

आता थोडं किचकट, पण तुमच्या फायद्याचं. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षांनी सुटला आणि डिसेंबर २०१५ मध्ये संसदेने हाच नवा कायदा मंजूर केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घृणास्पद गुन्हा केला, तर त्याची समज तपासून त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवता येतो. घृणास्पद कोणता? ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो. ही 'किमान' तेवढी पाठ करा. प्राणघातक शस्त्र वापरून जबरी चोरी केली तर किमान सात वर्षं. सदोष मनुष्यवधाला, म्हणजे खून न ठरणाऱ्या मनुष्यहत्येला, कमाल शिक्षा भरभक्कम, पण किमान सात वर्षांची नाही. म्हणून तो नुसता 'गंभीर', घृणास्पद नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं, तेही गाडीखाली माणूस गेल्याच्याच एका खटल्यात. थोडक्यात, मोबाइलसाठी चाकू चालवणारा मोठा होऊ शकतो, गाडीने माणूस मारणारा लहानच राहतो. पोराला पॉकेटमनी द्यायचा, चाकू द्यायचा की गाडी, हे आता तुम्हीच ठरवा.

मे २०२४ मध्ये पुण्यात आलिशान गाडीने दोघांचा जीव घेतला. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला आधी जामीन मिळाला, तेव्हाच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. इथवर मी त्याहून जास्त लिहिलंय, आणि माझ्याकडे सायकलसुद्धा नाही.

एक कलम मात्र जपून वाचा. ते मोटार वाहन कायद्यात २०१९ ला घुसलं आणि पोराला सोडून थेट तुमच्या मागे लागतं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पोराला फार तर तीन वर्षं, तुम्हालाही फार तर तीन. त्याला विशेष गृह मिळेल, तुम्हाला नाही. तुमच्या हाडांची तपासणी करायचीही गरज पडणार नाही, वय टकलावरून दिसतंच.

तुमचा धाकटा सोळाचा ना? सकाळी साडेसहाच्या क्लासला स्कूटर घेऊन जातो आणि नाक्यावर हवालदाराने अडवलं तर "अठरा पूर्ण" म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंय. इथे वजाबाकी नाही, बेरीज. पत्ता तोच, मजलाही तोच.

किल्ली अजून फ्रीजवरच ठेवता?