तेहरानची आजी, लॉस एंजेलिसची नात आणि मधले कागद

इराणची बातमी आली की दोन फोटो फिरायला लागतात. एकात सत्तरच्या दशकातल्या तेहरानमधल्या स्कर्टवाल्या मुली, दुसऱ्यात काळ्या चादोरमधल्या, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या बायका. खाली ओळ: 'काय होतं नि काय झालं!' हा निव्वळ आळस आहे. १९३६ साली तेव्हाचा राजा रझाशाह याने बायकांच्या चादोरवर बंदी घातली. पोलीस भर रस्त्यात डोक्यावरचं ओढून काढायचे, म्हणून कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. त्यांच्या मुलींना १९६३ साली मतदानाचा हक्क मिळाला. नातींवर १९७९ नंतर टप्प्याटप्प्याने हिजाबची सक्ती झाली आणि १९८३ मध्ये तो न घेणारीला ७४ फटक्यांपर्यंत शिक्षा कायद्यात आली. एकाच घरातल्या बायकांना डोक्यावर काय असावं याबद्दल उलटसुलट सरकारी हुकूम. चौथी पिढी लॉस एंजेलिस, टोरांटो नाहीतर स्टॉकहोममध्ये जन्मली.

या बायकांची ताटातूट १९७९ च्या क्रांतीने आणि नंतरच्या इराकबरोबरच्या युद्धाने केली हे खरं. पण ती आजवर टिकवली आहे कागदांनी, आणि यातले निम्मेअधिक कागद कुठल्या ना कुठल्या पुरुषाच्या नावावरून पुढे सरकतात. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

नातीपासून बघू. वडील इराणी असले की नागरी कायद्याच्या ९७६ व्या कलमानुसार मूल कुठेही जन्मो, ते इराणी. त्याला हवं असो वा नसो. दुहेरी नागरिकत्व इराण मानत नाही, त्यामुळे अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा घेऊन जायची सोय नाही. आपल्याकडे न्यू जर्सीत जन्मलेल्या नातवंडाचं ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) काढलं की आजोळ मोकळं. तिथे आजीला भेटायला इराणी पासपोर्टच लागतो, आणि त्याआधी शेनासनामे. जन्म, लग्न, घटस्फोट, मुलांची नावं आणि शेवटी मृत्यू, अशी माणसाची सगळी नोंद या एका छोट्या पुस्तिकेत असते. आईवडिलांचं लग्न त्यांच्या पुस्तिकांत चढलेलं नसेल तर मुलीचं काम तिथेच अडतं. १९८० पासून इराण आणि अमेरिकेचे राजनैतिक संबंध नाहीत, म्हणून अर्ज 'मीखक' या ऑनलाइन प्रणालीतून वॉशिंग्टनमधल्या पाकिस्तानी वकिलातीच्या छत्राखाली चालणाऱ्या इराणी कार्यालयात जातो. फोटो डोकं झाकूनच, मग मुलीने जन्मात कधी रुमाल बांधलेला नसला तरी.

आई इराणी आणि वडील परदेशी असले की सगळं उलटं. तेव्हा आपोआप काहीच मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठराच्या आतल्या मुलासाठी आईला अर्ज तरी करता येतो, तोही सुरक्षा यंत्रणांची हरकत नसेल तर.

सगळ्यात खोल खड्डा मात्र मधल्या पिढीसाठी, म्हणजे क्रांतीनंतर बाहेर पडलेल्या आईसाठी आहे. विवाहित बाईला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी संमती लागते. हा नियम १९७३ च्या पासपोर्ट कायद्याच्या १८ व्या कलमातला, म्हणजे खुद्द क्रांतीआधीच्या शाहच्या काळातला. स्कर्टचे फोटो टाकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. २०१५ साली इराणच्या महिला फुटसाल (बंदिस्त मैदानातला फुटबॉल) संघाची कर्णधार नीलूफर अर्दलान नवऱ्याने संमती नाकारल्यामुळे आशियाई स्पर्धेला मुकली. राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराची ही गत, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

आता यात घटस्फोट घाला. कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने निकाल दिला की बाईला वाटतं, सुटले. तेहरानच्या दप्तरी ती अजून त्याचीच बायको असते. म्हातारी आई आजारी म्हणून ती धावत गेली, आणि इथला माजी पण तिथला आजी नवरा तिच्या देशाबाहेर जाण्यावर बंदी मागून बसला, की ती विमानतळावरून परत. म्हणून निकालाची प्रत हातात आल्यावर थांबू नये. अधिकार असलेल्या माणसाकडून, दोन पुरुष साक्षीदारांसमोर धार्मिक तलाक करून घ्यावा आणि तो शेनासनाम्यात चढवावा. नवऱ्याच्या सहीच्या बदल्यात मेहेरची, म्हणजे लग्नात त्याने बायकोला कबूल केलेली, सोन्याची नाणी सोडायला लावणं हा तिथला नेहमीचा सौदा. एक बहार आझादी नाणं साधारण ८.१३ ग्रॅमचं, तेव्हा शंभरेक नाणी लिहिलेली असली तर हिशेब तुम्हीच करा. लग्नातच प्रवासाचा आणि तलाकचा हक्क मागून घेणाऱ्या मुली शहाण्या. फक्त तो विवाहकरारात लिहून भागत नाही, नोटरीकडे वेगळं मुखत्यारपत्र करावं लागतं. नाहीतर पासपोर्ट कार्यालयात वाद घालत बसायची वेळ येते.

आजीने उलट इकडे यावं म्हटलं, तर तेहरानमध्ये अमेरिकन वकिलात नाही. आपले आईवडील मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत देऊन संध्याकाळी घरी येतात. या आजीला दुबईसारखं तिसऱ्या देशातलं शहर गाठावं लागतं, आणि पुढे पार्श्वभूमीची तपासणी लागली तर पासपोर्टवर व्हिसा घ्यायला पुन्हा एकदा. त्यात २०१७ ते जानेवारी २०२१ अमेरिकेची इराणींवर प्रवासबंदी, मधल्या कोर्टाच्या स्थगित्या वगळून. जून २०२५ पासून भेटीच्या व्हिसावर पुन्हा बंदी. मग भेट होते तुर्कस्तानात, कारण तिथे इराणी पासपोर्टला व्हिसा लागत नाही. पण अमेरिकेतल्या विद्यार्थिनीकडे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तीही बाहेर पडू शकत नाही. अशांनी एक जागा शोधली होती: व्हरमाँट आणि क्वेबेकच्या सीमेवरचं हॅस्केल ग्रंथालय. इमारत एक, देश दोन, जमिनीवर सीमेची काळी पट्टी. २०१८ च्या सुमाराला इराणी आया कॅनडाकडून, मुली अमेरिकेकडून आत शिरून तिथे काही तास एकमेकींसोबत बसत.

आणि वारसा? मुलाला मुलीच्या दुप्पट. मुलंबाळं असतील तर विधवेला एक अष्टमांश, आणि २००९ च्या दुरुस्तीपर्यंत जमिनीच्या किमतीत तेवढाही नाही. घरातला गालिचा तरी नातीला मिळावा, तर अमेरिकन निर्बंधांनुसार इराणी घरगुती वस्तू येणाऱ्या माणसाने किंवा त्याच घरातून सोबत येणाऱ्याने वापरलेली हवी. भेट म्हणून पाठवायची तर मर्यादा १०० डॉलर. हाताने विणलेला कुठला गालिचा त्यात बसतो?

घर विकून पैसे आणायला मात्र परवानगी आहे. वारशाने आलेल्या घरासाठी निर्बंधांत सरसकट सवलत आहे, पण कागद नसले की बँक रक्कम अडकवते. तेव्हा वारस दाखला, खरेदीखत आणि दोन्हींची भाषांतरं आधी जमवावीत. तेहरानमधल्या भावाला मुखत्यारपत्र देताना 'सर्व अधिकार' हे शब्द टाळावेत. वारस दाखला, कर आणि बँक एवढंच नेमकं लिहावं, मुदत घालावी, विक्रीचा अधिकार वेगळा ठेवावा. रद्द न होणारं मुखत्यारपत्र तर मुळीच देऊ नये. आणि आजीने मुलीला दिलेलं मुखत्यारपत्र आजीच्या मृत्यूबरोबर संपतं, म्हणून तिच्या खात्याची कामं ती हयात असतानाच उरकावीत.