वीरगळाखाली धन नसते : गावोगाव फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर, राधानगरी आणि भुदरगड या तालुक्यांतील गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या ‘गावकऱ्यांनो, सावध व्हा’ या मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरत आहे. वीरगळ (म्हणजे लढताना मेलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड), सतीशिळा, जुनी देवळे आणि मोडी कागद यांची नोंद करत हिंडणारी हौशी इतिहास मंडळे म्हणजे गुप्तधन शोधणाऱ्यांच्या टोळ्या आहेत, असे त्यात म्हटले आहे. संदेशानुसार वीरगळावरची चित्रे म्हणजे पुरलेल्या धनाच्या खुणा असतात. गाढव कोरलेला दगड करणीचा असतो, म्हणून तो फोडून नदीत सोडावा. गावाची नोंद झाली की सरकार शंभर मीटरच्या आत घर बांधू देत नाही. दगड उचलून पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांत नेले जातात. आणि जुने कागद ताब्यात घेऊन सातबारा बदलला जातो, असे पाच मुद्दे त्यात आहेत. लिहिणाऱ्याचे नाव नाही, एकाही गावाचे उदाहरण नाही, फक्त ‘जास्तीत जास्त गटांवर पाठवा’ ही विनंती आहे.

मी स्वतः अशाच एका मंडळात आहे. या संदेशाकडे मी दुर्लक्ष केले असते, पण तो माझ्या आत्तीकडे पोचला. तिच्या परड्यात गोठ्याच्या भिंतीला टेकून एक वीरगळ उभा आहे आणि दर अमावास्येला ती त्याला पाणी घालून हळदकुंकू लावते. “अगं, त्या दगडाचं फोटो आता कुणाला दावू नकोस, आणि तू बी त्या मंडळात जाऊ नकोस,” असे तिने मला फोनवर सांगितले. कारण विचारले तेव्हा कळले की संदेश आल्यानंतर भावकीतल्याच कोणीतरी रात्री त्या दगडाभोवतीची माती हातभर उकरून पाहिली होती. ज्या संदेशाने आम्हाला चोर ठरवले, त्यानेच घरच्या माणसाच्या हाती पहार दिली. म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

गुप्तधनाचा मुद्दा सर्वांत आधी घेते, कारण दगड आणि माणसे दोन्ही त्यामुळे धोक्यात येतात. वीरगळाच्या माथ्यावर सूर्य असेल तर खाली सोने, चंद्र असेल तर चांदी आणि जितक्या गाई तितके हंडे, असा हिशेब संदेशात दिला आहे. ज्याने एकही वीरगळ नीट पाहिलेला नाही, त्यालाच असे लिहिता येईल. लढाईत, गावाचे रक्षण करताना किंवा गुरे पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना जो मेला, त्याचे हे स्मारक असते. त्यावर बहुधा तीन किंवा चार चौकटी असतात आणि त्या खालून वर पाहत जायच्या असतात. तळाशी पडलेला वीर आणि कधी त्याच्या शेजारी गाई, त्याच्या वर झुंज, त्याहून वर वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. माथ्यावर कलश आणि सूर्यचंद्र असतात. हे सूर्यचंद्र जुन्या दानलेखांवरही कोरलेले दिसतात. आकाशात ते दोघे आहेत तोवर ही कीर्ती टिको, हे दान टिको, एवढेच त्यांतून सांगायचे असते. दक्षिण महाराष्ट्रापासून कर्नाटकापर्यंत गावोगावच्या वीरगळांवर तेच सूर्यचंद्र आहेत. त्या प्रत्येकाखाली सोन्याचांदीचे हंडे असते, तर या मुलखात कर्ज काढून मुलीचे लग्न करण्याची वेळ कोणावर आली नसती.

आत्तीच्या परड्यातला दगडच पाहा. तळाच्या चौकटीत तीन गाई आहेत आणि त्यांच्यापुढे धनुष्य ताणलेला एक माणूस. भरदुपारी हे काहीच दिसत नाही. संध्याकाळचे तिरपे ऊन पडले किंवा अंधारात बॅटरी बाजूने धरली की रेषा उठून येतात. उजवी कड इतकी गुळगुळीत झाली आहे की तिच्यावर हात घसरतो, कारण घरातल्या तीन पिढ्यांनी तिच्यावर विळ्यांना धार लावली आहे. हा दगड मुळात परड्यातला नाहीच. ओढ्याकाठच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा आजोबांनी तो बैलगाडीतून घरी आणला, हे आत्ती स्वतः सांगते. आमच्या नोंदींत असे कितीतरी दगड आहेत. कोणी पाणवठ्यावर कपडे धुण्यासाठी आणलेला, कोणी देवळाच्या पायरीला बसवलेला, कोणी रस्ता रुंद होताना चावडीपुढे आणून टेकवलेला. जो दगड आपल्या मूळ जागेवरच नाही, त्याच्याखाली शेकडो वर्षांपूर्वी कोणी धन पुरले असेल, हे संदेश लिहिणाऱ्याने एकदा समजावून सांगावे. मूळ जागी उभ्या असलेल्या वीरगळाचाही खालचा काही भाग जमिनीत असतो, पण तो दगड उभा राहावा म्हणून. तेथे उकरले की दगड कलंडतो आणि कलंडताना बहुधा मधोमध मोडतो.

या मुद्द्यात एक अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. कोल्हापूरच्या मातीत जुन्या मौल्यवान वस्तू सापडल्या आहेत. कसबा बीडच्या शिवारात पावसाने माती धुपली की सोन्याची लहान नाणी मिळतात, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते आणि वर्तमानपत्रांतही ते आले आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर तर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली. मात्र यांपैकी काहीही वीरगळाखाली मिळालेले नाही. ब्रह्मपुरीला 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी थरांमागून थर मोजत रीतसर उत्खनन केले, म्हणूनच सातवाहनकाळापासून बहामनीकाळापर्यंतच्या वस्तीचा क्रम आज सांगता येतो. ती मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. पहारीने रात्री उकरलेल्या खड्ड्यातून असा क्रम कधीच हाती लागत नाही. तो कायमचा नष्ट होतो.

संदेशात पुढे लिहिले आहे की धन सापडल्याचे कळवले तर सरकार सगळे घेऊन जाते, म्हणून गावकऱ्यांनी मंडळांच्या आधी स्वतःच शोधावे. हे वाक्य सर्वांत घातक आहे. या विषयावर 1878 चा भारतीय निखात निधी कायदा आहे आणि तो आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर ती काय आहे, किती आहे, कोठे आणि कोणत्या तारखेला सापडली, हे सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि ती सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्याबद्दल जामीन द्यायचा. चौकशीअंती तिचा कोणी मालक ठरला नाही आणि सापडवणारा व जमिनीचा मालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. शासनाला ती वस्तू हवी असेल तर तिच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन ती घ्यावी लागते. जो कळवत नाही, त्याचा वाटा मात्र शासनाकडे जातो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे या संदेशाचे ऐकणारा गावकरी हक्काचा वाटाही घालवील आणि तुरुंगाचीही वाट धरील. गुप्तधनासाठी अघोरी विधी करणे हा तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे.

इतिहासप्रेमी म्हणवून घेत धातुशोधक यंत्रे घेऊन हिंडणारे काही लोक आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांना ओळखणे अवघड नाही. जो रात्री येतो, जो पहार किंवा यंत्र बाळगतो, जो सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना न सांगता शिवारात शिरतो, तो नोंदीसाठी आलेला नसतो. उत्खननाला परवाना लागतो. कोणत्याही हौशी मंडळाला जमीन उकरण्याचा अधिकार नाही. आमच्या मंडळात शिक्षक आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत, दूध संस्थेचे सचिव आहेत आणि महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत. आमच्या पिशवीत मऊ ब्रश, साधे पाणी, मोजपट्टी, वही आणि मोबाइल असतो. तारेचा ब्रश किंवा ॲसिड दगडाला लावू द्यायचे नाही, एवढा एक नियम आम्ही कोणासाठीही मोडत नाही.

आता गाढवाच्या दगडाविषयी. त्याला गधेगाळ म्हणतात. जमीन किंवा गाव दान दिल्याचा लेख कोरायचा आणि हे दान जो मोडील त्याला खाली शिल्पाने शाप द्यायचा, अशी ही पद्धत शिलाहार राजघराण्याच्या काळात आणि त्यानंतरही होती. अशा दगडावर वर सूर्यचंद्र, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प असते. शाप अभद्र आहे, स्त्रीचा अपमान करणारा आहे, आणि लेकीबाळींसमोर तो दगड नको वाटतो असे कोणी म्हटले तर मला ते समजते. पण त्यात करणी कोठेही नाही. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते त्यालाही धमकी कळावी, यासाठी ते शिल्प होते. बाराव्या शतकात कोल्हापूर आणि पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या शिलाहारांविषयी आपल्याला जे काही माहीत आहे, त्याचा फार मोठा भाग शिलालेख आणि ताम्रपट यांतूनच आला आहे. कोणत्या गावाला काय नाव होते, कोणत्या देवळाला किती जमीन होती, सीमा कोठून कोठे जात होती, हे सांगणारा दुसरा कागद त्या काळचा आपल्याजवळ नाही. असा दगड फोडून नदीत टाकणे म्हणजे गावाचा सर्वांत जुना दस्तऐवज स्वतःच्या हाताने नाहीसा करणे आहे. एखाद्या गावात हा संदेश वाचून कोणी घण उचलला, तर तो दगड पुन्हा मिळणार नाही, आणि संदेश लिहिणाराही जबाबदारी घ्यायला पुढे येणार नाही. दगड डोळ्यांसमोर नको असेल तर तो देवळामागे सावलीत उभा करावा. फोडू नये.

शंभर मीटरची भीती अगदीच निराधार नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या केंद्रीय कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित व त्यापुढे 200 मीटर विनियमित (म्हणजे परवानगी घेऊनच बांधकाम करायचे) क्षेत्र ठरले. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि पन्हाळा ही आपल्या जिल्ह्यातील अशी उदाहरणे आहेत. पन्हाळ्यावरच्या माणसाला घर दुरुस्त करतानाही परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, ही तक्रार खरी आहे आणि तिच्याकडे शासनाने लक्ष द्यायला हवे. मात्र असे स्मारक आपोआप ठरत नाही. त्यासाठी राजपत्रात दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते, तिची प्रत स्मारकाजवळ लावावी लागते आणि त्या मुदतीत गावकऱ्यांना हरकत घेता येते. आमच्या वहीत लिहिलेली नोंद म्हणजे राजपत्रातील अधिसूचना नव्हे. वहीत एखाद्या वीरगळाची उंची लिहिली म्हणून कोणाच्या घराची वीटही हलत नाही.

दगड संग्रहालयात नेण्याच्या मुद्द्यावर फार लिहिण्यासारखे नाही. आम्ही दगड जागचा हलवत नाही. उलट छायाचित्र आणि मापे असली, तर चोरीला गेलेली मूर्ती किंवा शिळा आपल्याच गावची आहे हे पोलिसांपुढे दाखवता येते. नोंदच नसेल, तर तक्रारीत वर्णन काय लिहायचे, तेही गावाला सुचत नाही.

राहिला कागदांचा मुद्दा. पूर्वी काही संग्राहकांनी ‘वाचून परत देतो’ असे सांगून घरोघरची दप्तरे नेली आणि ती परत आली नाहीत, हे खरे आहे. असे सांगणारी घरे मला माहीत आहेत आणि त्यांचा राग योग्य आहे. दुसरीकडे इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्यासारखी माणसे गावोगाव फिरली, 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, म्हणून असंख्य कागद चुलीत जाण्यापासून वाचले. आज मोबाइल असताना कागद घराबाहेर नेण्याची गरजच उरलेली नाही. आम्ही घरमालकासमोर, त्याच्याच सोप्यात, कागदाची छायाचित्रे घेतो आणि दप्तर तेथेच पुन्हा बांधून देतो. मोडी कागदाने सातबारा बदलतो, हे म्हणणे तर निखालस खोटे आहे. सातबाऱ्यातील बदल फेरफाराने होतो. तलाठी त्याची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी मुदत असते आणि नोंद प्रमाणित होते ती मंडळ अधिकाऱ्याकडून. दोनशे वर्षांपूर्वीच्या देशमुखी वतनाच्या कागदाचा फोटो या साखळीत कोठेच बसत नाही.

ज्यांना अजूनही शंका असेल, त्यांनी नोंद चालू असताना येऊन शेजारी उभे राहावे; गावातल्या जाणत्या माणसांशिवाय दगडाची हकिकत आम्हालाही कळत नाही. आणि कोठे वीरगळाभोवती ताजी माती उकरलेली दिसली, तर खड्डा बुजवण्याआधी त्याचा फोटो घ्यावा व त्याच दिवशी पोलीस पाटलांना कळवावे. उकरणारा भावकीतला असला तरीही कळवावे.