दाराखालची भोकं बुजवू नका

जूनच्या शेवटी अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या गाडीचं मागचं डावं दार उघडलं आणि आतून खळखळ आवाज आला. अर्धी भरलेली कळशी हलवल्यासारखा. खाली वाकून बघितलं तर दाराच्या खालच्या कडेची सगळी भोकं एम-सीलने लिंपलेली.

"अण्णा, हे कोणी केलं?"

"मीच. ग्रुपवर आलंय ना, पावसाळ्याआधी करायचं म्हणून." आणि मोबाइल पुढे केला.

तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. कोकणात गाडी गंजू नये म्हणून पाच घरगुती उपाय: दाराखालची भोकं बुजवा म्हणजे पाणी शिरणार नाही, गाडीला खालून काळं ऑइल आणि डिझेल मारून घ्या, गंज कोलाने घासून काढा, ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळा, आणि गाडी प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकून ठेवा. मी रत्नागिरीत बावीस वर्षं पत्र्याचं आणि रंगाचं काम करतोय. बाहेरच्या कोणी हे केलं असतं तर समजावून सोडून दिलं असतं, पण बहात्तर वर्षांच्या माणसाने गुडघे टेकून, चष्मा सावरत एकेक भोक बुजवलं, हे बघून राहवेना.

भोकांचंच आधी सांगतो. दार म्हणजे दोन पत्र्यांमधली पोकळ पेटी. काच खाली जाते ती या पेटीत, आणि काचेच्या कडेला असलेली रबरपट्टी सगळं पाणी अडवत नाही, अडवू शकतही नाही. काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी आत जाणार, हे दार बनवणाऱ्याने धरलेलंच असतं. ते निघून जावं म्हणून खाली भोकं ठेवलेली असतात. कारखान्यात अख्खी बॉडी गंजरोधक प्रायमरच्या टाकीत बुडवतात, तेव्हा आत शिरलेला प्रायमरही अशाच भोकांतून निथळतो. ती भोकं बुजवली की दाराची टाकी होते. खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. पाणी त्या दुमडीत मुरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा पत्रा असतो जेमतेम पाऊण मिलिमीटर. रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं बरंचसं लोखंड खलास झालेलं असतं.

स्क्रू-ड्रायव्हरने एम-सील उकरलं तेव्हा त्या एका दारातून तांब्याभर पाणी आलं, तांबूस, कुजट वासाचं. अण्णा बघत राहिले. त्यांच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यातून मॅन्युअल काढलं, अजून पिशवीत होतं. गंजावर त्यात वेगळा भाग आहे. अडचणीच्या जागी साठलेली माती, मीठ आणि ओल, रंगाचे उडालेले टवके, समुद्राची हवा: गंजाची कारणं म्हणून हेच दिलंय. मोठ्याने वाचून दाखवलं. भोकं बुजवून आपण ओल कोंडतो, हे त्यांना लगेच पटलं. मेसेज लिहिणाऱ्याने एकदा तरी मॅन्युअल उघडायला हवं होतं.

आता काळं ऑइल. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. तेलाचा थर पाणी काही दिवस अडवतो, आणि जुन्या जीपच्या उघड्या जाड चासीला, कमान पाट्यांना लोक ते मारायचेच. पण आजच्या गाडीखाली रबराचे बुश म्हणजे सांध्यांतल्या गाद्या आहेत, बूट म्हणजे सांध्यांवरची रबरी आवरणं आहेत, ब्रेकचे पाइप आहेत. खनिज तेलाने यातलं बरंच रबर फुगतं आणि मऊ पडतं. फवारा ब्रेकच्या डिस्कवर गेला तर ब्रेक नीट लागत नाही. माझ्याकडे एक गाडी अशीच आली होती, मालक घाटाच्या दिशेने निघालेला, वेळीच लक्षात आलं म्हणून वाचला. तापलेल्या सायलेन्सरवर तेच तेल जळतं. शिवाय या थराला माती चिकटते, आणि आमच्याकडच्या मातीत मीठ असतं. मिरकरवाड्याहून मासळीच्या गाड्या निघतात, त्यांतून गळणारं खारं पाणी रस्त्यावरच असतं. त्याचा चिखल तेलात कालवून बॉडीला लावला तर तो पाइपाच्या पाण्यानेही सुटत नाही.

ऑइल मारणाऱ्या पोराच्या नाकातोंडात तो फवारा जातो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. वापरलेलं तेल हा 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. पहिल्या पावसात ते धुऊन पऱ्यात, म्हणजे ओढ्यात जातं, पऱ्यातून विहिरीकडे. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरी त्याच विहिरीचं पाणी पितात!

बाकीचं थोडक्यात. कोलात फॉस्फरिक ॲसिड असतं हे खरं, गंज काढायच्या औषधातही तेच असतं. पण कोलात ते नावाला असतं आणि साखर भरपूर, मागे चिकटा राहतो. टूथपेस्टने वरच्या पारदर्शक थरातले बारीक ओरखडे फिके पडतात, तेवढंच. कारखान्याच्या रंगाची जाडी सगळे थर मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, त्यातला थोडा तुम्ही दर वेळी घासून घालवता. नख अडकतंय असा ओरखडा असेल तर टूथपेस्टचा काही उपयोग नाही. गंज खरवडून, प्रायमर लावून टचअप करावा. प्लास्टिक कव्हरखाली वाफ धरते, आणि ओलसर, हवा न खेळणाऱ्या जागी गाडी ठेवू नका असं मॅन्युअलमध्येच आहे. पडवीत मोकळी उभी केलेली बरी.

खर्च करायचाच असेल तर पावसाळ्याआधी गाडी खालून साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, चांगल्या ठिकाणी अंडरबॉडी कोटिंग करून घ्या, आणि पोकळ जागी मेणाचा फवारा. कोटिंगवाल्याने भोकं बुजवली नाहीत ना, हे स्वतः वाकून बघा. मी हेही पाहिलंय.

आणि दर रविवारी झाडूतली एक हिराची काडी घेऊन चारी दारांखालच्या भोकांत फिरवा. वाळलेला चिखल असतो, पालापाचोळा असतो, तो पडतो. अण्णांच्या बाकी तीन दारांतलं एम-सील त्याच संध्याकाळी काढलं. मागच्या डाव्या दाराच्या दुमडीवर मात्र मसुराएवढे दोन फोड आलेत. गणपतीनंतर ऊन पडलं की ते दार उतरवून खालची कड कापायची आहे.